आमच्या घरातली भानामती



मी नांदेडला एका शाळेत शिकवते. गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलाची आई भेटायला आली. मुलाच्या अभ्यासाचं काही असेल असं वाटलं. पण ती बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि मग हळूच म्हणाली, "बाई, कोणाला सांगू नका. आमच्या घरावर दगडं पडायलेत. दोरीवरची कपडे आपोआप पेटायलीत. सासू म्हणायली, शेजारच्या म्हातारीनं भानामती केली. ऐतवारी जाणत्याला आणणार हाईत."

मी तिला पाणी दिलं आणि एकच विचारलं, "घरात कोण कोण असतं?" तिनं सगळे मोजले. सासू, नवरा, दीर, दोन लेकरं. आणि शेवटी, जणू विसरलंच होतं असं, म्हणाली, "आन् दिराची पोरगी हाय एक. तेरा वर्साची. आई न्हाई तिला."

त्या रात्री मला झोप आली नाही. तेहतीस वर्षांपूर्वीचं आमचं घर डोळ्यासमोर उभं राहिलं. जी गोष्ट आजवर घराबाहेर कधी बोलले नाही, ती आज या पानावर लिहिते आहे. जिच्याबद्दल ही गोष्ट आहे तिला विचारूनच लिहिते आहे. ती म्हणाली, "लिहा ताई. माझं नाव तेवढं टाकू नका. पण आत्याचं लिहा, ते सोडू नका."

आमचं गाव मुखेड तालुक्यात, लेंडी नदीच्या काठानं थोडं आत. गावाच्या कडेला आमची वस्ती. आजोबांनी १९५६ च्या धर्मांतरानंतर घरातला देव्हारा उचलून लेंडीच्या पात्रात सोडला होता. वस्तीत ती गोष्ट अभिमानानं सांगितली जायची. माझे वडील, म्हणजे आमचे दादा, जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. वस्तीत पहिला पगार त्यांचा, पहिली सायकल त्यांची आणि विहारात पहिला शब्दही त्यांचाच. दर वर्षावासात आषाढी पौर्णिमेपासून ते विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ वाचत. रोज संध्याकाळी जेवणं उरकली की बायका, पोरं, म्हातारी माणसं कंदिलाच्या उजेडात बसत आणि दादा सावकाश, समजावून वाचत.

१९९२ च्या मे महिन्यात माझ्या मोठ्या भावाचं लग्न झालं. वहिनी लातूर जिल्ह्यातली, औसा तालुक्याच्या किल्लारीकडच्या भागातली. वय सोळा. नववी पास होऊन आलेली. लग्न ठरताना तिच्या वडिलांनी एकच अट घातली होती : पोरीला दहावी करू द्या. दादांनी चार माणसांत शब्द दिला, "मी मास्तर हाय. माझ्या घरात पोरगी शिकणार न्हाई तर कुठं शिकणार?" वहिनी येताना एक पत्र्याची पेटी घेऊन आली. तिच्यात दोन लुगडी आणि बाकी सगळी पुस्तकं.

मग पाऊस पडला, पेरण्या झाल्या आणि दहावीचं नाव कोणी काढेना. पहाटे पाणी, भाकरी, मग खुरपायला रान, संध्याकाळी पुन्हा चूल. आजी म्हणायची, "आता काय कलेक्टर व्हायचंय का?" माय गप्प राहायची. भाऊ मुखेडला एका दुकानात कामाला होता, तो रात्री उशिरा यायचा. दादा म्हणायचे, "पुढच्या साली बघू." मी तेव्हा चौदा वर्षांची, आठवीत. रात्री मी अभ्यासाला बसले की वहिनी भांडी घासता घासता माझी गणितं तोंडी सोडवायची. माझ्या पुस्तकावर तिचा हात पडला की ती आधी हात पदराला पुसायची. हे मला आज आठवतं. तेव्हा मला त्यात काही वाटलं नव्हतं.

पंचमी आली. आमच्यात नागाची पूजा नाही, पण नव्या लेकीनं पंचमीला माहेरी जायची रीत आमच्याकडंही होती. वहिनीचा भाऊ न्यायला आला. रानात मूग तोडणीला आला होता, म्हणून आजीनं त्याला परत पाठवलं. त्या वेळी आमच्या शेजारची सुईण आत्या ओट्यावर बसली होती. ही आत्या दादांची दूरची बहीण. विधवा, एकटी, वस्तीतली निम्मी लेकरं तिच्या हातावर जन्मलेली. मीसुद्धा. ती आजीला सरळ म्हणाली, "वहिनी, पोरीला धाडा माहेरी. कोवळं पोरगं हाय. तिची हाय घेऊ नका, घराला लागंल."

हे वाक्य पुढं किती महाग पडलं, ते सांगते.

पोळ्याच्या दुसऱ्या रात्री पहिला दगड पडला. पत्र्यावर धाडकन आवाज झाला. भाऊ बॅटरी घेऊन बाहेर गेला, कोणी नव्हतं. तिसऱ्या रात्री दोन दगड पडले. मग दिवसाही पडू लागले. एका दुपारी पिठाच्या डब्यात राख निघाली. एका सकाळी दोरीवरची दादांची पांढरी बंडी पेटली. मग आजीची वाकळ. मग आम्ही झोपायचो त्या खोलीतली गोधडी. आठवड्यानं वहिनीच्या दंडावर काळ्या फुल्या उठल्या, खाली कातडी लाल. आजीनं कपाळाला हात लावला, "भानामती! कोणीतरी मांडली."

ज्यांनी मराठवाड्याबाहेर दिवस काढले त्यांना हा शब्द नुसता गोष्टीतला वाटेल. आमच्या नांदेड-लातूरच्या पट्ट्यात तो घराघरात ठाऊक आहे. निजामाच्या राज्यात एकत्र असलेल्या बिदर, गुलबर्गा आणि तेलंगणाच्या मुलखातही हेच आहे. तिकडं 'बाणामती' म्हणतात. दगड पडणं, कपडे पेटणं, अन्नात घाण निघणं, अंगावर फुल्या उमटणं, डोळ्यांतून खडे येणं, बायका कुत्र्यासारख्या भुंकणं. एकदा हा शब्द उच्चारला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : कोणी केली? आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा एखादी एकटी, म्हातारी, विधवा बाई असते.

वस्ती आमच्या अंगणात गोळा होऊ लागली. गावातले लोकही येऊन बघून जात. कोणी म्हणालं, "देव सोडले, आता भोगा." दादांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. रोज संध्याकाळी ते विहारात ग्रंथ उघडून बसत होते आणि घरी पत्र्यावर दगड पडत होते. बाबासाहेबांच्या त्या ग्रंथात अधम्म म्हणजे काय हे सांगताना पहिलंच प्रकरण अलौकिकावरच्या विश्वासाचं आहे. प्रत्येक घटनेला कारण असतं, ते कधी जवळ दिसतं, कधी दिसत नाही, पण दिसत नाही म्हणून ते अलौकिक ठरत नाही, असा त्याचा आशय. दादांनी ते प्रकरण त्या आठवड्यात दोनदा वाचलं. ऐकणारे मान डोलवत होते. आणि घरी आल्यावर आजी विचारायची, "मग सांग की कारण. बंडी कशी पेटली?"

दादांकडं उत्तर नव्हतं. माझ्याकडं होतं.

आठव्या की नवव्या दिवशी मला ताप होता म्हणून मी शाळेत गेले नव्हते. आतल्या खोलीत पडून होते. वहिनीला वाटलं असावं की मी झोपले आहे. ती चुलीतला निखारा चिमट्यात धरून आली, दांडीवरच्या वाकळीच्या घडीत तो सरकवला आणि वळली. आमची नजरानजर झाली. ती काही बोलली नाही. मीही बोलले नाही. थोड्या वेळानं धूर निघाला, आरडाओरडा झाला आणि मीसुद्धा सगळ्यांबरोबर ओरडले.

मी का सांगितलं नाही? भीती होती. तिला मारतील, हाकलून देतील. पण आणखीही एक गोष्ट होती आणि ती सांगायला मला लाज वाटते. त्या दिवसांत वहिनीला रानात पाठवत नव्हते. "पोरीला झपाटलं" म्हणून तिला बसवून ठेवत. ती दिवसभर माझ्याजवळ बसायची, माझी पुस्तकं वाचायची. आमच्या दोघींचे ते दिवस चांगले जात होते. त्याची किंमत कोण देणार आहे, हा विचार चौदा वर्षांच्या मला शिवला नाही.

किंमत सुईण आत्यानं दिली. कोणाला तरी तिचं पंचमीचं वाक्य आठवलं : घराला लागंल. बोलली तसं झालं, म्हणजे करणारी तीच! आजीनंच ते आधी बोलून दाखवलं. भाद्रपदातली एक संध्याकाळ होती. दादा विहारात होते, ग्रंथवाचन चालू होतं. पण त्या दिवशी विहारात माणसं कमी होती, कारण बाकीची आत्याच्या दारात होती. ती परकी माणसं नव्हती. आपलीच होती. जयभीम म्हणणारी, चौदा एप्रिलला निळा झेंडा धरणारी. त्यांनी तिला ओढून बाहेर काढलं. दात पाडले की मंत्र म्हणता येत नाही, चेटूक उतरतं, असा एक समज आहे. कोणाच्या हातात दगड होता, कोण ते मी आजही सांगणार नाही. आत्याचे समोरचे दोन दात पडले.

दादा धावत आले तेव्हा ती उंबऱ्यावर बसली होती. पदर तोंडाला लावलेला, लाल झालेला. मी आमच्या अंगणात उभी होते. वहिनी माझ्यामागं होती आणि तिनं माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी फुटली. आम्ही दोघी गप्प होतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आत्या बोचकं घेऊन एसटीनं लेकीकडं लातूरला निघून गेली.

त्यानंतर दादांनी दोन दिवस कोणाशी बोलणं केलं नाही. तिसऱ्या दिवशी ते नांदेडला गेले आणि आपल्या एका शिक्षकमित्राला घेऊन आले. ते अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात होते. आम्ही त्यांना सरकाका म्हणायचो. ते जाणत्यासारखे लिंबू-नारळ घेऊन आले नव्हते. त्यांच्याजवळ एक शंभर पानी वही होती. त्यांनी सगळ्यांना बसवलं आणि पहिल्या दिवसापासून काय काय घडलं ते लिहून काढलं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या वस्तूला, त्या वेळी घरात कोण होतं, कोण नव्हतं, आधी कोणी पाहिलं. एकेचाळीस घटना झाल्या. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही की दटावलं नाही. फक्त लिहिलं. आणि म्हणाले, "मी आज इथंच राहतो."

त्या संध्याकाळी सगळे अंगणात बसले होते. वहिनी सरकाकांच्या समोरच शेंगा फोडत होती. तिच्याकडं बघून माझ्या मनात आलं, आज दगड पडला नाही तर हे ओळखतील. मी पाणी आणायच्या निमित्तानं घरामागं गेले आणि पत्र्यावर दगड टाकला. माझा पहिला आणि शेवटचा. धावत पुढं आले. सगळे घाबरले होते. वहिनी माझ्याकडं टक लावून बघत होती. सरकाकांनी शांतपणे वही उघडली, घड्याळ पाहिलं आणि बेचाळिसावी ओळ लिहिली.

सकाळी त्यांनी सगळ्यात आधी मला बोलावलं. मला म्हणाले, "बाळ, हे बघ. या वहीतल्या सगळ्या घटना कोणी बघत नसताना झाल्या. एकच सगळ्यांच्या देखत झाली, कालची. आणि काल एकच माणूस समोर नव्हतं. तू कोणाला तरी वाचवायला बघतेस. पण आपण गप्प बसलो म्हणून कोणाचे दात पडले, हे तुला ठाऊक आहे ना?"

मी रडले आणि सगळं सांगितलं.

मग त्यांनी वहिनीला बोलावलं. एकटीला, दार लोटून. काय बोलणं झालं ते तिनं मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. त्यांनी आधी वचन दिलं : नाव बाहेर जाणार नाही, कोणी हात लावणार नाही, पण हे आजपासून थांबलं पाहिजे. मग वहीचं एक पान दाखवलं. "घरातलं सगळं पेटलं. दादांची बंडी, आजीची वाकळ, तुझ्या नवऱ्याचा सदरा. पण तुझी पेटी तेवढी कधी पेटली नाही. काय आहे तिच्यात?" वहिनी म्हणाली, "पुस्तकं." आणि मग तिचा बांध फुटला.

पहिला दगड तिनं रागानं टाकला होता, पंचमीच्या रागानं. मग घर घाबरलं आणि तिला पहिल्यांदा कळलं की या घरात आपल्यामुळंही काही हलतं. शिवाय त्याच पावसाळ्यात माहेराहून निरोप आला होता की तिकडं जमिनीतून गुडगुड आवाज येतात, भांडी हादरतात, लोक बाहेर झोपतात. तिला आईकडं जायचं होतं. कोणी जाऊ देत नव्हतं. फुल्या तिनं बिब्ब्यानं काढल्या होत्या. बिब्बा घरात होताच, आजी टाचेच्या भेगांना लावायची. धोबी ज्यानं कपड्यावर खूण करतात तोच हा बिब्बा. त्याचं तेल कातडीवर लागलं की भाजल्यासारखं होतं, फोड येतो आणि डाग राहतो. तिनं स्वतःच्या दंडावर तो लावून घेतला. किती आग झाली असेल! आत्याच्या दाराशी लोक गेले तेव्हा तिला ओरडून सांगावंसं वाटलं, पण आवाज फुटला नाही. हेच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "माझा आवाज फुटला न्हाई."

बेचाळीसपैकी चार घटना तिनं नाकारल्या. रात्रीचे पत्र्याचे आवाज होते ते. उन्हानं ताणलेला पत्रा रात्री गार होताना आखडतो आणि कडकड वाजतो, हे सरकाकांनी आम्हाला त्याच रात्री ऐकवलं. एका घटनेचा उलगडा शेवटपर्यंत झाला नाही. सरकाकांनी तिच्यापुढं 'कळलं नाही' असं लिहिलं आणि दादांना म्हणाले, "मास्तर, कळलं नाही याचा अर्थ एवढाच, की कळलं नाही. त्या रिकाम्या जागेत भूत बसवायचं नाही आणि म्हातारी बाईही बसवायची नाही."

भानामती त्या दिवशी थांबली. वस्तीला सरकाकांनी एवढंच सांगितलं की हे माणसाच्या हातचं होतं, कारण सापडलं आहे, आत्याचा काहीही संबंध नाही आणि ज्यांनी तिला मारलं ते गुन्हेगार आहेत. नाव त्यांनी सांगितलं नाही. लोकांनी पुष्कळ खोदून विचारलं. आजीला मरेपर्यंत कळलं नाही.

दादांना मात्र सांगावं लागलं. मला वाटलं होतं ते रागावतील. ते बराच वेळ खाली बघत बसले आणि म्हणाले, "मी विहारात वाचत होतो आन् माझ्याच घरात पोरीनं पुस्तकं पेटीत घालून ठेवली होती." दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनीला माहेरी नेऊन सोडलं, पंधरा दिवसांसाठी. परत येताना लातूरला आत्याकडं गेले. तिच्या पाया पडले. गावात चला, सगळी वस्ती माफी मागंल, म्हणाले. आत्या म्हणाली, "मास्तर, तुम्ही आलात, बरं वाटलं. पण माझे दात काय आता उगवणार हाईत?" ती परत आली नाही.

१९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या वर्षीच्या त्या गुडगुड आवाजांचा अर्थ तेव्हा सगळ्यांना कळला. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचं माळवद, अशी मोठी मोठी घरं झोपलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे दहा हजार माणसं गेली. वहिनीच्या आईबापाचं घर कुडाचं, वर पत्रा. ते पडलं, पण त्याखाली कोणी दबलं नाही. गरिबीनं त्यांना त्या एका पहाटे वाचवलं. वहिनी तेव्हा आमच्याकडं दहावीचा अभ्यास करत होती. १९९४ मध्ये ती पास झाली. पुढं परिचारिकेचं शिक्षण घेतलं आणि खेड्यापाड्यांतल्या बाळंतिणींचं काम केलं. सुईण आत्याचं काम, असं ती म्हणते.

जमिनीतल्या आवाजाचा अनुभव पुढं आम्हा नांदेडकरांनाही आला. २००७-०८ च्या सुमारास शहरात गुडगुड आवाज येऊन सौम्य धक्के बसत आणि लोक रात्री रस्त्यावर येऊन बसत. तेव्हाही अफवांना ऊत आला होता. शास्त्रज्ञांनी यंत्रं बसवून मोजलं : लहान भूकंप होते ते. आवाज खरा होता, भीतीही खरी होती. खोटा होता तो भीतीतून घाईनं काढलेला निष्कर्ष.

मी शिक्षिका झाल्यावर या विषयावर मिळेल ते वाचलं. हे नुसतं आपल्याकडचं नाही. जर्मन भाषेत अशा खोडकर भुताला 'पोल्टरगाइस्ट' म्हणतात, म्हणजे आदळआपट करणारं भूत. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या हायड्सव्हिल गावी १८४८ मध्ये फॉक्स नावाच्या घरात ठकठक आवाज येऊ लागले. दोन लहान बहिणी त्या आवाजांशी बोलत. त्यातून मृतात्म्यांशी बोलण्याचा एक मोठा पंथच उभा राहिला. चाळीस वर्षांनी, १८८८ मध्ये, त्यातल्या मार्गारेटनं न्यूयॉर्कच्या सभागृहात हजारो लोकांसमोर ते आवाज पायाच्या बोटांच्या सांध्यांतून काढून दाखवले. पुढच्या वर्षी तिनं कबुली मागे घेतली, पण सभागृहातल्या लोकांनी जे ऐकलं ते ऐकलंच. ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात १९८४ मध्ये एका घरात वस्तू उडू लागल्या. टीव्हीचा कॅमेरा चालू राहिला होता, त्यात दिसलं की दत्तक घेतलेली चौदा वर्षांची मुलगीच दिवा ओढून पाडते आहे. चौदा वर्षांची! वाचताना माझ्या हातातलं पुस्तक गळून पडलं. देश वेगळा, धर्म वेगळा, पण घरातल्या त्या कोपऱ्यात उभी असलेली पोर तीच.

कुठं कुठं हे पैशासाठीही करतात. पिवळा किंवा पांढरा फॉस्फरस पाण्यात ठेवतात. ओल्या कपड्याला लावला आणि कपडा वाळला की तो हवेनंच पेट घेतो. पोटॅशियम परमँगनेटवर ग्लिसरीन टाकलं की थोड्या वेळानं आग लागते. असे प्रयोग आमच्या शाळेत आम्ही मुलांसमोर, काळजी घेऊन, करून दाखवतो. पण आमच्या घरात रसायन लागलं नव्हतं. एक निखारा पुरला होता.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कितीतरी घरांत जाऊन हे काम केलं. २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्यानंतर चारच दिवसांत जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळानं कायदा मंजूर केला. आता एखाद्या बाईवर ती करणी करते, भूत लावते, असा आळ घेऊन तिचं जगणं अवघड करणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पोलीस सरळ गुन्हा नोंदवून घेऊ शकतात. १९९२ मध्ये हा कायदा असता तर? आत्या पोलीस ठाण्याची पायरी चढली असती का, मला सांगता येत नाही. ज्यांच्याविरुद्ध जायचं ती तिची स्वतःच्या हातानं नाळ कापलेली माणसं होती.

त्या विद्यार्थ्याच्या आईकडं मी शनिवारीच गेले, जाणता येण्याच्या आदल्या दिवशी. सोबत वही नेली आणि आपल्या कामातली दोन माणसं नेली. शेजारच्या म्हातारीच्या दारात आधी गेलो, तिच्याकडं चहा घेतला, सगळ्या गल्लीला दिसेल असा. मग घरात बसून लिहायला लागलो. त्या तेरा वर्षांच्या पोरीशी मी एकटीच बोलले. काय बोललो ते लिहिणार नाही, मीही वचन दिलं आहे. एवढंच सांगते की जाणत्याला फोन करून 'येऊ नका' असं सांगितलं गेलं आणि ती पोर सध्या मावशीकडं राहून शाळेत जाते. तिला एका मानसोपचार तज्ज्ञांनाही दाखवलं. मनाच्या दुखण्यासाठी १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, हेही घरच्यांना लिहून दिलं.

भगिनींनो, तुमच्या घरावर उद्या दगड पडला, तर अंगणातली माती तपासण्याआधी घरातली माणसं मोजा. कोण बोलत नाही? कोणाला दिलेला शब्द मोडला? कोण माहेरी गेलं नाही, कोण शाळेतून काढलं, कोणाचं लग्न न विचारता ठरलं? ते विचारताना आवाज चढवू नका. आणि शेजारच्या एकट्या बाईचं नाव कोणाच्या ओठावर आलं, तर तिथंच, त्याच क्षणी, मोठ्यानं नाही म्हणा. मी तेव्हा नाही म्हटलं नाही. चौदा वर्षांची होते, हे माझं कारण आहे. अंगणात उभी असलेली बाकीची माणसं चौदा वर्षांची नव्हती.

सुईण आत्या २००१ मध्ये लातूरला वारली. आम्ही दोघी गेलो होतो, वहिनी आणि मी. आधी एकदा तिला भेटून वहिनीनं सगळं सांगितलं होतं. आत्यानं ऐकून घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि विचारलं, "दहावी झालीस न्हवं?" बाकी काही बोलली नाही. तिनं माफ केलं का, हे आम्हाला कळलं नाही. आम्ही विचारलंही नाही.

जयभीम.